बायबल वाचताना जिथे अडायला होतं, तिथेच बसा

बायबल वाचणारे भरपूर असतात. वर्षात पूर्ण करायचा प्लॅन घेतात, रोज तीन-चार अध्याय, टिक मारली की पुढे. त्यात वाईट काही नाही, एकदा तरी सगळं शास्त्र आडवंतिडवं का होईना वाचून काढलेलं बरंच असतं, पण संध्याकाळी कोणी विचारलं की आज काय वाचलं, तर "ते... इस्राएल लोक कुठेतरी चालले होते" एवढंच आठवतं. आणि रोज सकाळी मोबाईलवर येणारं एक वचन, मागे सूर्योदयाचा फोटो, खाली आपण आमेन टाइप केलं, हेही मनन नाही. सॉरी, पण नाहीये.

मग मनन करायचं कसं? माझं मत सरळ आहे. वाचताना जिथे अडायला होतं, म्हणजे एखादी गोष्ट पटत नाही, राग येतो, लाज वाटते, किंवा "हे असं का लिहिलंय" म्हणून कपाळाला आठी पडते, तिथेच बसायचं, पुढे पळायचं नाही. ज्या ओळी पटकन गोड लागतात त्या बरेचदा आपल्याला आधीच माहीत असलेलंच परत सांगत असतात. अडलेली ओळ मात्र काहीतरी नवीन घेऊन आलेली असते आणि आपण नेमकी तीच ओलांडून जातो.

आता नीट सांगतो कसं करायचं ते.

आधी, किती वाचायचं. थोडं. एक प्रसंग किंवा एक विचार, दहा-पंधरा वचनं (म्हणजे आकडे घातलेल्या ओळी) बास. पण हे थोडं कुठून कुठपर्यंत ते अध्यायाच्या आकड्यावर सोडू नका. अध्यायांची विभागणी मूळ लेखकांनी केलेली नाही, आपण आज वापरतो ती १३ व्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँगटन या इंग्लिश धर्मगुरूंनी केली असं मानतात, आणि नव्या करारात वचनांचे आकडे घातले ते रोबेर एस्तिएन नावाच्या छापखानावाल्याने, १५५१ साली. प्रेषित पौलाने पत्र लिहिलं तेव्हा ते सलग पत्र होतं, मंडळीत म्हणजे चर्चमध्ये उभं राहून वाचून दाखवायचं. त्यामुळे काय होतं बघा, १ करिंथ १३ (करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र, १३ वा अध्याय), तो प्रेमाचा अध्याय जो लग्नात हमखास वाचतात, तो सुटा वाचला की एकदम कवितेसारखा वाटतो. पण १२ आणि १४ सोबत वाचला तर कळतं की कोणाचं आत्मिक दान (देवाने दिलेली क्षमता) मोठं, कोण जास्त आत्मिक, यावरून भांडणाऱ्या मंडळीला तो लिहिलाय. प्रीती सहनशील आहे, ती फुगत नाही, हे नवरा-नवरीला नाही तर मीटिंगमध्ये एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांना सांगितलंय. आता तुमच्या मंडळीतल्या कमिटीची आठवण आली असेल तर बरोब्बर, तिथेच अडा.

नवीन सुरुवात करणाऱ्याने मार्कचं शुभवर्तमान (येशूच्या आयुष्याची हकिगत) घ्यावं, १६ च अध्याय आहेत, चारांत सगळ्यात छोटं, आणि मार्क फार समजावत बसत नाही, घडलं ते सांगतो आणि पुढे जातो. मननाला असा लेखक चांगला कारण जागा आपल्यासाठी मोकळी ठेवलेली असते.

वाचायचं मोठ्याने. घरात लोक असतील तर पुटपुटत. डोळे पळतात, जीभ पळू शकत नाही. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये तो कूशी (इथियोपियाचा) अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय आणि फिलिप्प नावाचा येशूचा अनुयायी धावत जवळ जातो तर त्याला वाचलेलं ऐकू येतं, म्हणजे एकटा असूनही मोठ्यानेच वाचत होता. दोनदा वाचा. पहिल्यांदा नुसतं काय घडलं ते, दुसऱ्यांदा हळू, आणि जिथे अडलं तिथे पेन्सिलची खूण. फोनवर वाचत असाल तर नोटिफिकेशन बंद करा, एवढं तरी करा, नाहीतर प्रभू बोलायच्या आधी तीन ग्रुप बोलून जातात.

हे काही नवीन टेक्निक नाहीये. १२ व्या शतकात ग्विगो नावाच्या एका मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्या लिहून ठेवल्या आणि तो म्हणतो वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे तो चावणं. आपण बहुतेक जण घास गिळतो आणि मग म्हणतो चवच लागली नाही.

एक उतारा घेऊन करून बघू

मार्क १०:४६-५२ (१० वा अध्याय, वचनं ४६ ते ५२). आंधळा बार्तीमय. संडे स्कूलपासून माहीत आहे, म्हणून मुद्दाम हाच घेतला.

येशू शिष्यांबरोबर आणि मोठ्या गर्दीबरोबर यरीहोतून निघालाय. रस्त्याच्या कडेला तीमयाचा मुलगा बार्तीमय भीक मागत बसलाय. नासरेथकर येशू चाललाय हे कळल्यावर तो ओरडायला लागतो, दावीदपुत्रा, माझ्यावर दया कर. लोक म्हणतात गप बस. तो आणखीनच ओरडतो. येशू थांबतो, म्हणतो त्याला बोलवा. मग तेच लोक (हे बघा हां, ज्यांनी दटावलं तीच गर्दी) म्हणतात धीर धर, ऊठ, तो तुला बोलावतोय. तो अंगावरचं वस्त्र टाकून उठतो, येशूकडे येतो. आणि येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?

इथे अडायला पाहिजे. आंधळा माणूस समोर उभा आहे, दया कर म्हणून ओरडून घसा बसलाय त्याचा, आणि त्याला विचारतायत तुला काय पाहिजे? हे काय विचारणं झालं? दिसत नाही का त्याला काय पाहिजे ते?

आता इथे पटकन उत्तर शोधायला गुगल करायचं नाही, स्टडी बायबलची तळटीप पण नाही, अजून नाही. आधी आजूबाजूला बघायचं. हाच प्रश्न येशूने जवळपास कुठे विचारलाय का? विचारलाय, पंधराच वचनं आधी, १०:३६ मध्ये, जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान यांना, अगदी तोच प्रश्न. ते काय म्हणाले? तुझ्या गौरवात आम्हाला एकाला उजवीकडे एकाला डावीकडे बसव. शिष्य आहेत, डोळस आहेत, सगळा वेळ बरोबर फिरलेत, आणि मागितली काय तर खुर्ची. आणि हा रस्त्यावरचा आंधळा म्हणतो मला दिसू दे. मार्कने हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवलेत ते उगाच नाही. अजून थोडं वर जा, १०:१७ पासून तो श्रीमंत माणूस, त्याला सगळं विकून ये म्हटलं तर तो खिन्न होऊन निघून गेला कारण त्याच्याकडे खूप होतं, आणि हा भिकारी, ज्याच्याकडे कदाचित ते एक वस्त्रच होतं, ते टाकून आला. आणि खाली बघा, येशू त्याला जा म्हणतो आणि त्याला लगेच दिसायला लागतं, तर तो घरी जात नाही, वाटेने येशूच्या मागे चालायला लागतो. ती वाट कुठे जाते? ११ वा अध्याय सुरू होतो तो यरुशलेमेजवळ, म्हणजे पुढे वधस्तंभच. डोळे मिळाल्यावर त्याला सगळ्यात आधी काय काय बघावं लागलं असेल याचा विचार करा जरा.

हे सगळं नुसतं उताऱ्याच्या मागेपुढे बघून मिळालं, कुठली डिग्री लागली नाही.

मग तो प्रश्न स्वतःला. मी तुझ्यासाठी काय करावं? आणि इथे घाई केली की वाट लागते. कारण पहिलं उत्तर जे येतं ते चर्चमधलं उत्तर असतं, "प्रभू, तुझी इच्छा पूर्ण होवो", छान, बरोबर, पण ते आपलं नसतं. ते बाजूला ठेवा. दुसरं उत्तर येतं ते गरजांची यादी, नोकरी, कर्ज, मुलांची ॲडमिशन, तब्येत. हे खरं आहे, ते सांगा, बार्तीमयानेही गरजच सांगितली, त्यात कमीपणा नाही. पण अजून थोडं बसलं तर बरेचदा तिसरं काहीतरी वर येतं जे आपण स्वतःशीही बोललेलो नसतो, की मला अमक्याला माफ करायचंच नाहीये, किंवा मला विश्वास ठेवायचाय पण खरं सांगायचं तर गेले कित्येक महिने प्रार्थना म्हणजे नुसती सवय झालीय. ते एका ओळीत वहीत लिहा. निबंध नको. एक ओळ, तारीख, संपलं.

आणि हो, हाच प्रसंग मत्तय २० मध्ये वाचाल तर तिथे दोन आंधळे आहेत, आणि लूक १८ मध्ये येशू यरीहोजवळ येत असताना घडतं, बाहेर पडताना नाही. काही लोक हे बघून घाबरतात आणि काही लगेच गणित जुळवायला बसतात. मननाच्या वेळी दोन्ही नको. जे दिसलं ते प्रामाणिकपणे वहीत नोंदवा आणि अभ्यासाच्या वेळी त्याकडे या. ज्याचा विश्वास एवढ्याने हलतो त्याने तर जरूर यावं, झाकून ठेवलेला प्रश्न जास्त त्रास देतो.

वचन आपल्यासाठीच लिहिलंय का

हा खरा अवघड भाग, इथे जरा जास्त वेळ घेतो.

यिर्मया २९:११ घ्या. तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, भवितव्य आणि आशा देणारे आहेत. कप, कॅलेंडर, वाढदिवसाचं कार्ड, सगळीकडे हे वचन. मी पण पाठवतो, खोटं कशाला बोलू. पण हे पत्र आहे, यरुशलेमहून बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. आणि लगेच वरचं वचन, १० वं, सांगतं की ७० वर्षं पूर्ण झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन. सत्तर! म्हणजे ज्यांनी हे पत्र पहिल्यांदा ऐकलं त्यातल्या बहुतेक मोठ्या माणसांना कळलं असणार की आपण काही परत जात नाही, आपली नातवंडं जातील. आणि आदल्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सगळ्यांसमोर सांगत होता की दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना कोण आवडला असेल सांगा? दोन वर्षंवालाच ना. शास्त्र म्हणतं तो खोटा होता.

मग देव मधल्या काळात काय करायला सांगतो? घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, मुलं होऊ द्या, आणि ज्या शहरात तुम्हाला धरून नेलंय त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या शहरासाठी.

आता हे वचन माझ्यासाठी आहे की नाही? माझ्या मते आहे, पण कपावरच्या अर्थाने नाही. माझा इंटरव्ह्यू शुक्रवारी क्लिअर होईल असं ते सांगत नाही. ते असं सांगतं की देव लांबच्या हिशोबाने काम करतो आणि तोपर्यंत मी जिथे अडकलोय तिथेच मुळं धरायची, नको असलेल्या ऑफिसात, नको असलेल्या गावात, आणि तिथल्या लोकांचं भलं मागायचं. हे ऐकायला कमी गोड आहे पण दोन वर्षांनी काही झालं नाही तरी हे वचन तुटत नाही, कपावरचं तुटतं. आणि वचन तुटलं की माणूस वचनाला नाही, देवाला सोडतो, असे लोक आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत.

फिलिप्पै ४:१३ चं पण तेच. मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करू शकतो. परीक्षा, मॅच, बिझनेस सगळीकडे लावतात. आधीचं वचन वाचा, पौल म्हणतोय भुकेलं राहायचं कसं आणि भरपूर असताना राहायचं कसं हे मी शिकलोय, आणि हे तो बंदिवासातून लिहितोय. सर्व काहीमध्ये उपाशी राहणं पण आलं.

तर पद्धत एवढीच की आधी ते वचन त्याच्या घरी जाऊन बघा, कोणी कोणाला सांगितलं, तेव्हा त्यांच्यावर काय चाललं होतं, आणि मगच त्याला आपल्या घरी बोलवा. उलटं केलं की आपण आपलंच बोलणं देवाच्या तोंडी घालतो.

डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ते आजचं वचन, याबद्दल पण बोलतो कारण बरेच जण करतात. त्यावर ऑगस्टीन या मोठ्या ख्रिस्ती विचारवंताचं उदाहरण देतात, इ.स. ३८६, मिलानमधली बाग, "घे, वाच" असा लहान मुलाचा आवाज, त्याने पौलाची पत्रं उघडली आणि रोमकरांस १३ मधल्या शेवटच्या वचनांवर नजर पडली, आयुष्य बदललं. खरं आहे. पण त्याच्या आधी तो कितीतरी काळ मिलानचा बिशप ॲम्ब्रोस याचे उपदेश ऐकत होता, पौल वाचत होता, स्वतःशी भांडत होता, हे कोणी सांगत नाही. नोकरी बदलू का हे विचारायला बोट फिरवणं आणि ते, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यात मी कोण

प्रत्येक उताऱ्यात स्वतःला कुठे उभं करता ते बघा. आपण हमखास चांगल्या माणसाच्या जागी उभे राहतो. लूक १८ मधला परुशी (स्वतःला धार्मिक समजणारा) आणि जकातदार (कर गोळा करणारा, लोकांच्या नजरेत पापी) वाचून मनात येतं की देवा तुझे उपकार मी त्या परुशासारखा नाही, आणि झालं, आपण परुशी झालो. हा सापळा इतका छान लावलाय ना त्या गोष्टीत की मला दर वेळी हसू येतं.

म्हणून एकच उतारा वेगवेगळ्या जागेवरून वाचा. बार्तीमयामध्ये मी आंधळा की गप बस म्हणणारी गर्दी? आणि उपदेश ऐकताना किंवा वाचताना "हे त्याला ऐकवायला पाहिजे होतं" असं वाटलं की समजायचं आपलं मनन तिथे थांबलं. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आठवा, सात दिवस ते त्याच्याजवळ गप्प बसले तोपर्यंत सगळं ठीक होतं, मग बोलायला लागले, धार्मिकच बोलले, आणि शेवटी देव म्हणाला तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत. दुःखात असलेल्या माणसाला वचन फॉरवर्ड करायच्या आधी हे आठवावं.

प्रार्थना उताऱ्याच्याच शब्दांत करा, वेगळी भाषा लावू नका. स्तोत्र १३ मध्ये किती वेळ, किती वेळ असं चारदा विचारलंय, तर तुम्हीही विचारा. मार्क ९:२४ मधला तो आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक, ही एवढी छोटी प्रार्थना आहे की रिक्षात पण होते, आणि संशय असलेल्या माणसाला विश्वासाचं नाटक न करता करता येते. येशूने त्याला हाकलून दिलं नाही, मुलगा बरा केला.

काही दिवशी काहीच होणार नाही. वाचाल, बसाल, कोरडं. चालायचंच. तेव्हा स्तोत्र ८८ वाचा, त्याचा शेवट अंधारातच होतो, बाकीच्या विलापांसारखं शेवटी स्तुतीवर येत नाही, आणि तरी ते शास्त्रात ठेवलंय. काही उतारे तर अंगावर येतात, स्तोत्र १३७ चं शेवटचं वचन वाचून बघा. अशा ठिकाणी अर्थ लावायची घाई करू नका, आणि ते "आत्मिक अर्थाने" म्हणून गुळगुळीत पण करू नका. ज्यांचं शहर जळलं त्यांनी देवासमोर काय ओकलं ते तिथे आहे, आणि ओकलं ते देवासमोर. माझ्या रागाचं मी काय करतो, हा प्रश्न तिथून निघतो.

मग करायचं काय

मनन झालं की त्यातून एक काम निघालं पाहिजे, त्याच दिवशी होईल असं. लूक १० मध्ये शास्त्री विचारतो माझा शेजारी कोण, आणि रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगून येशू शेवटी म्हणतो जा, तूही तसंच कर. आणि त्या गोष्टीत प्रेम म्हणजे काय तर तेल, द्राक्षारस, पट्टी, आपलं जनावर, उतारशाळा आणि दोन दिनार. तेव्हाच्या हिशोबाने एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शिवाय जास्त लागले तर परत येताना देईन, म्हणजे फॉलो-अप पण! तर तुमचं काम पण असंच असू दे, नाव आणि वेळ असलेलं. "मी जास्त प्रेमळ होईन" हे काम नाही. "दुपारी बहिणीला फोन करीन आणि त्या विषयावर मी चुकलो असं म्हणीन" हे काम आहे.

हे सगळं झाल्यावर मग टीकाग्रंथ (बायबलचा अर्थ उलगडणारी पुस्तकं), मग तळटिपा, मग पाळकांना विचारा, मग मैत्रिणीला. त्या कूशी अधिकाऱ्याला फिलिप्पाने विचारलं कळतंय का वाचतोयस ते, तर तो म्हणाला कोणी सांगितल्याशिवाय कसं कळेल, आणि त्याला रथात वर बसवून घेतलं. एकट्याने केलेलं मनन भरकटू शकतं, आपल्याला हवं तेच दिसायला लागतं, म्हणून आठवड्यातून एकदा तरी दुसऱ्या कोणाला तरी ती वहीतली ओळ वाचून दाखवा. दोघं-तिघं बास. ग्रुप मोठा झाला की लोक उपदेश द्यायला लागतात.

बार्तीमय झाला की पुढे काय घ्यायचं? लूक १५ मधल्या उधळ्या मुलाचा थोरला भाऊ घ्या, धाकटा परत आला म्हणून तो रुसतो, बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो आणि तो आत गेला की नाही ते लूक सांगतच नाही. मग मार्क ४ मधलं वादळ, त्यात येशू उशी घेऊन झोपलाय आणि शिष्य चिडून विचारतात तुला आमची काळजी नाही का. आणि मग फिलेमोनाला लिहिलेलं पत्र, २५ वचनं, एका बैठकीत होतं. फिलेमोनाचा दास अनेसिम याला परत जवळ कर म्हणून पौल त्यात हुकूम करू शकत असताना करत नाही, विनंती करतो, आणि काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड म्हणतो. तुमच्या हाताखाली कोणी काम करत असेल तर हे पत्र आधी घ्या, बाकीचं नंतर.